उतारावरची वीज

रविवारी संध्याकाळी लाईट गेली. विघ्नेशनं अंगणात उभ्या ट्रकची जाड वायर घराला जोडली, ट्यूब लागली, पंखा फिरला, आणि भिंतीवरच्या पेटीतून ट्रक बोलला.

"पाळणा सुरू होण्याची वेळ झाली आहे. साठ वॅट राखून ठेवले आहेत."

तेजल परातीत पीठ मळत होती. तिनं मान वर केली. घरात पाळणा नव्हता. दहा महिन्यांची शर्वी जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपायची आणि झोळीची दोरी तेजलच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची. आत्ताही होती. हात पिठात, पाय झोळीत.

"शिलाई मशीन अजून सुरू झालेलं नाही," आठ वाजून गेल्यावर ट्रक म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, बनवणाऱ्यांनीच घातलेली. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"कुणाचं शिलाई मशीन?" तेजलनं विचारलं.

दारात सासरे बसले होते, उभा जन्म डिझेलचा ट्रक चालवलेले आप्पा. ते हसले. "सूनबाई, गाडीला भ्रम झालाय. माझी गाडी खोकायची, धूर ओकायची, पण परक्या घरातलं आपल्या घरात येऊन सांगायची नाही."

विघ्नेश हसला नाही. त्यानं पुढं होऊन पेटीचा आवाज बंद केला. इतक्या चटकन केला, की तेजल त्याच्याकडं बघतच राहिली.

ट्रक घराला वीज देतो याचं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. दिवसा उन्हाची वीज रग्गड असायची. सूर्य कलला की ती संपायची आणि नेमके तेव्हाच गावोगावचे कूलर घरघरायला लागायचे. म्हणून साडेसहा ते साडेनऊ वीज बंद. ज्याच्या अंगणात बॅटरीचा ट्रक, त्याला फिकीर नव्हती. एका घराला महिनाभर पुरेल एवढी वीज त्या बॅटरीत मावायची. तीन तासांची संध्याकाळ म्हणजे तिच्यातला एक घोट.

आणि ट्रक शिकायचा. प्रत्येक यंत्र आपापल्या ढंगानं वीज पितं. फ्रिज आधी दचकून मोठा घोट घेतो, मग संथ होतो. मिक्सर हावऱ्यासारखा ओढतो. शिलाई मशीन पायाच्या दाबाबरोबर हिसके देतं. नुसत्या या ओढण्यावरून ट्रकला कळायचं की घरात काय चाललंय. थोड्या दिवसांत घराची सगळी दिनचर्या त्याला पाठ व्हायची, मग कुणी मागण्याआधीच तो प्रत्येकाचा वाटा काढून ठेवायचा. जेवायला बसलेल्या लेकरांची आवड आईला ठाऊक असते तसं.

ट्रक घ्यायचा ठरला तेव्हा विघ्नेश म्हणाला होता, "आपलं घर कधी काळोखात बसणार नाही." पण संध्याकाळी ट्रक घरी असायचाच कुठं? दुपारी शेडवर टोमॅटोची कॅरेटं भरायची, उजेड असेतोवर माळशेज घाट उतरायचा, रात्री कल्याणचा बाजार, सकाळी घाट चढून घरी. आठवड्यातल्या सहा संध्याकाळी तेजल कंदिलाच्या उजेडात शर्वीला भरवायची. रविवार तेवढा उजेडाचा.

आणि त्या एका रविवारी ट्रक दुसऱ्याच कुठल्या घराच्या सवयी घेऊन आला होता.

जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, "कोण आहे?"

विघ्नेशनं आढेवेढे घेतले नाहीत. "घाटाखाली वाडी आहे. तिथं दर्शना म्हणून एक आहे. तिच्या सासूचं चहाचं दुकान. पूर्वी घाट उतरला की सगळे ट्रक तिथं थांबायचे, ब्रेक थंड करायला. आप्पा पण थांबायचे."

"थांबायचो," दारातून आप्पा म्हणाले. "चाकांवर पाणी मारायचं, चहा मारायचा, मग पुढं."

"आता बॅटरीच्या गाड्यांचे ब्रेक तापतच नाहीत, म्हणून कुणी थांबत नाही. दुकान बसलं. मला तर थांबायचंच असतं. दहापर्यंत जड गाड्यांना शहरात बंदी. मग नऊपर्यंत बसतो तिथं आणि वायर लावतो."

"आणि गाडीला ते घर वाटतं?"

"'घर' म्हणून बटण दाबलं नाही तर पंधरा मिनिटांत वीज तोडते. म्हणून दाबलं. तेवढंच गं."

"सहा दिवस तिथं, एक दिवस इथं. मग गाडीनं घर कशाला म्हणायचं?"

मग त्यानं आपला हिशेब सांगितला, आणि तो हिशेबच तेजलला जास्त लागला.

चढावर मोटर बॅटरीतली वीज खाते. उतारावर उलटं होतं. चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत येते. ती वीज तयार करण्याचं ओझं चाकांवर पडतं, त्यानंच गाडी आवरली जाते. भरलेला ट्रक माळशेज उतरला की घाटाखाली बॅटरी चढलेली असायची. इंधन न जाळता, कुणाचं काही न घेता मिळालेली वीज.

"घरून नेलेली वीज घराची," विघ्नेश म्हणाला. "त्यातलं एक युनिट मी तिथं देत नाही. घाटानं दिलेली तेवढी घाटाखालच्यांना. यात तुझं काय गेलं?"

"काही नाही. उताराची वीज तिला, चढ चढून दमलेली गाडी मला. जागा नवरा तिला, घोरणारा मला."

"तोंड सांभाळ, तेजल. तसलं काही नाही."

"तसलं असतं तर बरं होतं. भांडता तरी आलं असतं." तिनं झोळीला झोका दिला. "पाळण्याला मोटर कुणी बसवली?"

"मीच. तीन तास तिथं बसून करायचं काय?"

तेजलनं पायाच्या अंगठ्यावरची दोरी सोडली. दोरीचा वळ उठला होता. तो तिनं त्याला दाखवला नाही. त्यानं आपण होऊन बघायला हवा होता.

त्या आठवड्यात तिला दर्शना दिसायला लागली. न पाहिलेली बाई फार देखणी असते. विघ्नेश सकाळी घाट चढून यायचा, शर्वीच्या गालाला गाल लावायचा आणि झोपायचा. तो झोपला की तेजल पेटीपाशी जायची, आवाज बारीक करायची आणि ट्रकला विचारायची.

"पाळणा किती वाजता बंद होतो?"

"साधारण आठ वाजता. त्यानंतर शिलाई मशीन सुरू होतं."

म्हणजे तिचं बाळ आठला झोपतं! शर्वी दहाच्या आत डोळा मिटत नव्हती. तेजलला त्या बाईच्या रूपानं जेवढं जाळलं नव्हतं तेवढं या आठ वाजण्यानं जाळलं. आठ ते नऊ तिला अख्खा एक तास मिळतो. दोन्ही हात मोकळे. शेजारी तिचा, तेजलचा, नवरा चहा पितोय, डोळे उघडे असलेला.

"मशीन सलग चालतं?"

"नाही. मध्ये मध्ये थांबतं."

"का थांबतं?"

"ते मला ओळखता येत नाही," ट्रक म्हणाला.

तेजलला ओळखता येत होतं. बाई बोलायला थांबते. हसायला थांबते.

शुक्रवारी दुपारी ट्रक अंगणात उन्हाची वीज पीत उभा होता. बॅटरी किती भरायची ते तेजल रोज फोनवरून ठरवायची, ते काम तिचं. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर थांबवायची. उरलेली ती घाटाची जागा. पाणी आणायला निघालेल्या बाईनं कळशी रिकामी न्यायची, तसंच हे.

कळशी भरलेलीच गेली तर?

तिनं आकडा शंभरवर नेला. मनात हिशेब लख्ख होता. घाटाला वीज ठेवायला जागाच नाही, म्हणजे घाटाची कमाई शून्य. घरची वीज तो देणार नाही, शब्दाचा पक्का आहे. बसू दे तिला काळोखात. एक संध्याकाळ तिनं पायाला दोरी बांधून बघावी. आणि गाडी थांबवायला ब्रेक आहेतच की, गाडी आहे ती.

चारला विघ्नेश उठला, शर्वीची पापी घेतली, केबिनमध्ये चढला. समोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा उजळल्यावर तो क्षणभर थांबला, तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग नुसता हात हलवून गेला.

शेडवर माल भरून ट्रक घाटाकडं वळला तेव्हा तेजलनं आप्पांना चहा दिला. आठवडाभरात पहिल्यांदा ती गुणगुणत होती.

"काय सूनबाई, आज खुशीत? जागा किती ठेवलीस घाटाला?"

"नाही ठेवली," ती म्हणाली. "आज घाटाचं काही नको आम्हाला."

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. "म्हणजे?"

"पूर्ण भरलीय."

"अगं, मग गाडी आवरणार कशानं?"

"ब्रेक आहेत ना."

"ब्रेक!" आप्पा उठून उभे राहिले. "अगं, गाडी घेतल्यापासून त्यानं ब्रेकला पाय लावलाय का? मोटरच आवरते म्हणून नुसते गंजून बसलेत ते. पहिली चार वळणं बॅटरी घेईल थोडंफार. मग अर्ध्या घाटात मोटर हात वर करील आणि सोळा टन एकदम त्या गंजक्या ब्रेकवर येतील. डिझेलची गाडी पहिल्या वळणापासून सांगते, मी जड आहे. ही मध्येच सांगणार!"

तेजलनं फोन लावला. घाटात रेंज नसायचीच. पुन्हा लावला. पुन्हा. कानाशी फोन धरूनच तिनं शर्वीला आप्पांच्या कडेवर दिलं आणि स्कूटरची किल्ली घेतली.

"सूनबाई, ब्रेक दाबून धरू नकोस," आप्पा मागून ओरडले. "सोडत सोडत उतर!"

घाटाच्या तोंडाशी सगळं नेहमीसारखं होतं. माकडं कठड्यावर बसली होती. कणसं भाजणारी बाई पंखा हलवत होती. तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत तेजल स्वतःला समजावत होती, की तो सांभाळून गेला असेल, तो काय आजचा ड्रायव्हर आहे?

मग वास आला. जळक्या ब्रेक-लायनरचा, तिखट, घशात बसणारा. बोगदा ओलांडल्यावर तो वाढला. पुढच्या वळणावर रस्ता लाल होता.

स्कूटर कशी थांबली ते तिलाही कळलं नाही. जवळ जाऊन पाहिलं तर टोमॅटो होते. वळण जोरात घेताना दोन कॅरेटं उडून फुटली होती. कठड्याला पांढरा चरा गेला होता आणि कठड्याच्या पलीकडं नुसती हवा. तिनं वाकून दरीत पाहिलं. दरीत झाडं होती, ऊन होतं, ट्रक नव्हता. ती तिथंच टोमॅटोच्या चिखलात बसली आणि "नाही, नाही" म्हणत परत उठली.

"भरायला नको होती," ती हेल्मेटच्या आत बोलत राहिली. "तिला हवी तेवढी द्या. सगळी द्या. तिथंच जाऊन राहा पाहिजे तर. पण जिवंत राहा."

घाट संपला तिथं रस्त्याकडेला बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. ट्रकनं त्यात नाक खुपसलं होतं. चाकांतून धूर निघत होता. एक किरकोळ, सावळी बाई बादली घेऊन धावत येत होती आणि विघ्नेश ओरडत होता, "थांब! लगेच ओतू नको, ब्रेकचा ड्रम तडकेल. निवू दे जरा!"

तो ओरडत होता. म्हणजे जिवंत होता.

तेजल स्कूटर टाकून त्याच्यापाशी गेली. त्याचा शर्ट घामानं चिकटला होता. केबिनमधून भट्टीसारखी झळ येत होती.

"हीटर लावला, मालाचं कूलिंग लावलं, सगळे दिवे लावले," तो तिला सांगायला लागला, जणू ती तिथं कशी आली हा प्रश्नच नव्हता. "थोडी तरी जागा व्हावी म्हणून. बोगद्यानंतर मोटरनं सोडलंच. शेवटी वाळू दिसली."

"शंभर दिसलं नव्हतं निघताना?"

"दिसलं की."

"मग थांबला का नाहीत?"

"मला वाटलं, आठवडाभर भांडलीस, आता राग गेला. काळजीनं भरून दिलीस." तो कसंनुसं हसला. "त्यावर कुठं बोट ठेवू? म्हटलं उतरू हळूहळू."

तेजलला वाटलं, त्यानं थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

"काळजीनं नाही," ती म्हणाली. "मुद्दाम भरली. घाटाचं काही उरू नये म्हणून. हिला मिळू नये म्हणून."

बादली घेतलेली बाई जागच्या जागी थांबली. विघ्नेश तेजलकडं बघत राहिला. मग तो ट्रकच्या पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लाईट गेलेलीच होती. वाडीच्या टोकाच्या घरातून एक बाळ किंचाळून रडत होतं.

"भाऊ," शेवटी दर्शना म्हणाली, "आज वायर नका लावू. राहू दे."

'भाऊ' म्हटलं की सगळं धुऊन निघतं का, असं तेजलच्या मनात आलंच. एवढं होऊनही आलं. तिला स्वतःची कमाल वाटली.

"आज घरची वीज आहे," विघ्नेश तोंडावरचे हात न काढता पुटपुटला. "ती माझ्या हातातली नाही."

बाळ रडतच होतं. नऊ-दहा महिन्यांचं असावं. रडणं भुकेचं नव्हतं, झोपेचं होतं, ते कुठल्याही आईला लांबून कळतं. तेजलच्या पायाचा अंगठा आपोआप हलला.

तिनं ट्रकच्या कडेचा कप्पा उघडला. वायर जड होती. दर्शनानं दुसरं टोक धरलं. दोघी ती ओढत घरापाशी गेल्या.

आत दुकानाची मोडकी बाकं रचून ठेवली होती, एका कोपऱ्यात म्हातारी सासू बाळाला थोपटत होती. वायर लागली. पाळणा हलला. विघ्नेशच्या हातची मोटर होती, तारा नीट गुंडाळलेल्या, टोकाला लेकराचं बोट जाऊ नये म्हणून रबर लावलेलं. तेजल त्या रबराकडं बघत राहिली.

"तुला एक विचारू?" ती म्हणाली. "मशीन चालवताना मध्ये मध्ये का थांबतेस?"

दर्शनाला प्रश्न कळायला वेळ लागला. "दोरा तुटतो हो, ताई. जुनं मशीन आहे."

"बोलायला नाही थांबत?"

"कुणाशी? भाऊ बाकावर आडवे होतात ते उठवेपर्यंत घोरतात. सासूबाई म्हणतात, डिझेलचं इंजिन परत आलं."

तेजलला हसू आलं. ते तिनं दाबलं. तेवढ्यात दर्शनानंच सांगितलं, "आमच्या ह्यांना पण आवडत नाही. भिवंडीला गोदामात आहेत, शनिवारी संध्याकाळी येतात. ट्रक दिसला की तोंड पाडतात. परक्याच्या विजेचा वारा नको म्हणून पंखा बंद करून घामाघूम बसतात. लेकराला पण पाळण्यातून काढून मांडीवर घेतात."

"खरंच?"

"मागल्या शनिवारी अंगाला घामोळं उठलं माणसाच्या!"

आता मात्र तेजल हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि ते पाणी हसण्याचं की घाटातल्या त्या लाल वळणाचं, ते तिला ठरवता येईना. दर्शनानं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"हे बघ," तांब्या रिकामा करून तेजल म्हणाली, "घाटाची जागा उद्यापासून रोज ठेवीन. पण माल भरून झाल्यावर गाडी घरी येईल आणि आमच्याकडून आठला निघेल. लाईट गेल्यावर ते आधी माझ्या घरी असतील. माझं लेकरू पण झोपत नाही."

"आठला? मग इथं येईपर्यंत माझं लेकरू रडून मरेल, ताई. सातला सोडा."

"साडेसात."

"सव्वासात. चहा फुकट देईन भाऊंना."

"चहा मी पाजून पाठवीन," तेजल म्हणाली. "सव्वासात."

विघ्नेश दारात येऊन उभा होता. "अंधारात घाट उतरायचा?"

"गाडी दोन-दोन घरं उजळते," तेजल म्हणाली, "स्वतःपुढचा रस्ता नाही उजळणार? आणि आधी ब्रेक दुरुस्त होणार. त्याशिवाय मी गाडी अंगणातून हलू देणार नाही."

विघ्नेश पहिल्यांदाच तिच्या पायांकडं बघत होता. घाईत ती चप्पल न घालताच निघाली होती. अंगठ्यावर दोरीचा काळपट वळ होता, भोवती सुकलेला टोमॅटो. तो खाली बसला आणि त्यानं आपल्या रुमालानं तो पाय पुसायला घेतला, दर्शनाच्या देखत. तेजलनं पाय मागं घेतला नाही. उलट जरा पुढंच केला.

दर्शनानं हसून तोंड फिरवलं. "उद्या शनिवार आहे, ताई. ह्यांना काय सांगू?"

"सांग, गाडी आता माझ्या हुकमानं येते," तेजल म्हणाली. "पंखा लावा म्हणावं."